तंबूवाल्याची माती

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय पंडित,

अनेक आशीर्वाद. तुझ्यासारख्या विद्वानाला खरं तर 'सादर प्रणाम' लिहायला हवं, पण तू माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहेस आणि तुझं नाक मी पुसलेलं आहे, तेव्हा आशीर्वादावरच भागव. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो. कारखान्याच्या पत्र्याला भोक पडलंय, ते चाकाच्या बरोबर वर नाही हे माझं नशीब. तुम्ही दोघं बरी असाल. बारकी पोचली असेल. जेवते ना?

तुझं पुस्तक मिळालं. तीनशे चाळीस पानं, त्यातली निम्मी तळटीपांची. पहिल्या ख्रिस्ती मंडळींनी आपल्या शास्त्रात सृष्टीच्या निर्मितीबद्दल काय लिहून ठेवलं, एवढं सांगायला तुला नऊ वर्षं लागली. ज्याने सृष्टी केली त्याने सहा दिवसांत उरकलं होतं म्हणतात. असो. तू लिहिलंयस, 'अक्का, कुंभाराचं प्रकरण आवर्जून वाच आणि मत कळव, तू त्यातली जाणकार.' जाणकार म्हटलंस म्हणून वाचलं. आता ऐक.

आधी मुखपृष्ठ. चाकावर फिरणारी माती आणि तिच्यावर दोन हात. त्या हातांची नखं बघितलीस का? लांब, स्वच्छ, आणि वर अंगठी. असल्या नखांनी मातीला हात लावला तर भांड्यावर नांगरट होईल. मला वाटतं हा माणूस बँकेत असावा आणि फोटोपुरता चाकावर बसला असावा. सृष्टीवरच्या पुस्तकाला एक खरा कुंभार मिळाला नाही तुला? बहीण तर घरचीच होती.

मग ते प्रकरण. भांड्याने कुंभाराला विचारू नये की मला असं का केलंस. एकाच गोळ्यातून एक भांडं मानाचं करावं आणि एक हलक्या कामाचं, ती कुंभाराची मर्जी. हे ज्या प्रेषिताने आपल्या पत्रात लिहिलं तो पोटासाठी तंबू शिवायचा, ही माहिती तूच तळटीपेत दिली आहेस. तंबू शिवणारा! मग बाबा, कापडाबद्दल लिही ना. कापड गप्प बसतं. माती गप्प बसत नाही. चौतीस वर्षं मी तिच्यासमोर बसते आणि ती मला रोज जाब विचारते. एवढं पाणी का ओतलंस? काल अर्धवट का मळलंस? तुझं डोकं ठिकाणावर नाही, मग राग माझ्यावर का? आणि ऐकून घेतलं नाही तर चालत्या चाकावर सरळ बसकण मारते. तुझा तंबूवाला एक सकाळ माझ्या कारखान्यात येऊन बसला असता तर तो मजकूर त्याने स्वतःच्या हाताने खोडला असता.

दुसरा एक पत्रलेखक आहे तुझा, ज्याचं नावसुद्धा कोणाला ठाऊक नाही. तो म्हणतो, जे दिसतं ते न दिसणाऱ्यापासून झालं. वा. माझ्याकडे दर मंगळवारी मातीची गाडी येते. उद्या गाडीवाला न दिसणारी माती घेऊन आला तर मी त्याला चहासुद्धा विचारणार नाही.

आणि तुझा सगळ्यात लाडका मुद्दा, ज्यावर तू चाळीस पानं भरलीस: जग शब्दाने झालं. आधी शब्द होता, बाकी सगळं त्याच्यामार्फत झालं. हे वाचून मात्र मी मनापासून हसले. प्राध्यापकांची काय सोय आहे! आपले वडील तीस वर्षं बोलत होते, त्यांच्या बोलण्याने घरातला एक गळका नळ बंद झाला नाही. बोलून काही होत नाही, पंडित. जे होतं ते हातांनी होतं. हे तुला कळावं म्हणून लहानपणी मी तुझ्या हातात माती दिली होती, ती तू खाल्लीस.

बाकी बारकीचं म्हणशील, तर तिने सांगितलंच असेल. दोन वर्षांपूर्वी तू लेकीला नाक मुरडत माझ्याकडे शिकायला धाडलंस. तुझ्या पुस्तकाच्या आनंदात तुला द्यायला तिने बारा कप केले होते. माती मळण्यापासून झिलई, म्हणजे वरचा तो काचेसारखा लेप चढवण्यापर्यंत, पहिल्यांदाच सगळं एकटीने. ते भट्टीत तडकले. होतं असं. पहिल्या खेपेला कोणाचं झालेलं नाही? चार दिवस घरी जाते म्हणाली, मीही जा म्हटलं. पोरीने फार मनाला लावून घेऊ नये.

पुस्तकाचं उरलेलं सवडीने वाचेन. सवड नसते हे तुला माहीत आहे.

तुझी,
अक्का

*

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रिय पंडित,

आशीर्वाद. पत्र मिळालं. चार पानं लिहिलीस आणि त्यात एकही तळटीप नाही, म्हणजे तू खरंच काळजीत आहेस.

तू लिहितोस, बारकी सोबत एक फुटका तुकडा घेऊन आली आहे आणि खिडकीत बसून त्यावरून अंगठा फिरवत राहते. अंगठा कापला, पट्टी बांधली, तरी तुकडा सोडत नाही. फुटकी भांडी हाताळू नयेत एवढं तिला मी शिकवलेलं आहे. तुझ्या बायकोला सांग, तुकडा काढून घे आणि केरात टाक. किंवा नको, असू दे.

तुझ्या महाविद्यालयातल्या वाचनालयात मदतनिसाच्या जागेसाठी तिने अर्ज केला, तो मंजूर झाला आणि एक तारखेला तिला हजर व्हायचं आहे, हेही वाचलं. छान. पंख्याखाली बसेल, पुस्तकांवर शिक्के मारेल, नखं वाढवेल. मुखपृष्ठासाठी तुला घरातच हात मिळतील. मातीत राबून असं मी तरी काय मिळवलं? जेमतेम वीस वर्षांची पोर, हाताला लय आहे, मळताना गोळ्याशी गप्पा मारते, पहिल्याच महिन्यात न सांगता डाव्या अंगठ्याने काठ सावरायला लागली. असल्या मुलीने शिक्केच मारायला हवेत.

आणि तुझं ते वाक्य. तू तिला विचारलंस, काम का सोडतेस, तर ती म्हणाली, 'बाबा, मला केलंयच तसं. हलक्या कामाचं भांडं.' ऐकून तुला रात्रभर झोप लागली नाही. लागेल कशी? नऊ वर्षं राबून तू पुस्तक लिहिलंस आणि त्यातलं नेमकं तेवढंच तुझ्या लेकीने उचललं. तंबूवाल्याचा टाका दोन हजार वर्षांनी तुझ्याच घरात उसवला. म्हणे त्या वाक्यामागे फार खोल अर्थ आहे, एकवीस पानं आहेत त्यावर. मग वाचून दाखव ना तिला ती एकवीस पानं! ज्याला आपल्या पोरीला एक ओळ समजावता येत नाही त्याने जगाच्या आरंभाबद्दल बोलू नये.

तू विचारलंस, 'अक्का, तिकडे नक्की काय झालं?' काय होणार? भट्टी आहे ती. आत काय होतं ते भट्टीलाच माहीत. मातीत हवा राहिली असेल. मळण कमी पडली असेल. मी तिला तेव्हाच तसं म्हटलं.

भट्टीवाला हल्ली माझ्याशी बोलत नाही. बावीस वर्षं माझ्याकडे आहे, मितभाषी आहेच, पण आता 'हो बाई' सुद्धा बंद झालंय. जेवणाचा डबा घेऊन अंगणात बसतो, माझ्याकडे पाठ करून. मी काही विचारलं की भट्टीच्या उष्णतेच्या काट्याकडे बघतो. चढलाय म्हातारा.

पुस्तकाचं उरलेलं वाचलं. सवड काढली. सारी सृष्टी बाळंतिणीसारखी कण्हते आहे, कसली तरी वाट बघते आहे, असंही त्या तंबूवाल्यानेच लिहिलंय. हे मात्र त्याला कोणी तरी जाणत्याने सांगितलं असावं. निवणाऱ्या भट्टीजवळ उभं राहिलं की आतून बारीक आवाज येतात, झिलई निवताना कुरकुरते. चांगल्या भट्टीचा आवाज वेगळा असतो आणि... जाऊ दे, त्या आवाजाबद्दल मला लिहायचं नाही.

शेवटचं प्रकरण मला अजिबात पटलं नाही. ज्याने जग केलं तोच त्या जगात राहायला आला, आणि त्याच्याच माणसांनी त्याला ओळखलं नाही, घरात घेतलं नाही. मी आजवर हजारो कप केले. एकदाही कपात राहायला गेले नाही. करणाऱ्याने करावं आणि हात धुऊन बाजूला व्हावं. यात समजायला अवघड काय आहे, की ज्यासाठी पहिल्या ख्रिस्ती लोकांना एवढी शाई घालवावी लागली?

एक तारखेला अजून दोन आठवडे आहेत. तिला घाई करू देऊ नकोस.

घाईत,
अक्का

*

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पंडित,

हे पत्र आधी एकट्याने वाचून काढ आणि मग बारकीला समोर बसवून मोठ्याने वाच. एक शब्द गाळायचा नाही, एक शब्द मऊ करायचा नाही. तुला ती खोड आहे. तंबूवाल्याच्या पत्रालाही तू एकवीस पानांचा कापूस लावलास.

आज सकाळी मी चाकावर बसले होते. भट्टीवाला दारात येऊन उभा राहिला, वहाणा न काढता. म्हणाला, "बाई, तुम्ही कळवणार की मी कळवू?"

मी म्हटलं, "काय कळवायचं?"

"मला लिहिता येत नाही," तो म्हणाला, "पण गाडीने जाता येतं. पत्ता आहे माझ्याकडे. बारकीनेच दिलाय."

मग कामाला लागला. माझं चाक रिकामं फिरत राहिलं.

तर ऐका दोघंही. बारकीने कप भट्टीत लावले जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी. मंगळवारी भट्टी पेटली, बुधवारी सकाळी विझवली. भट्टीचा काटा शंभराच्या खाली आल्याशिवाय दार उघडायचं नाही, हे मी तिला पहिल्या दिवशी शिकवलं. भिंतीवर खडूने लिहिलेलंही आहे, माझ्याच अक्षरात. गुरुवारी सकाळी काटा दोनशे चाळीसवर होता. बारकी झिलईच्या बादल्या धुवायला मागे गेली होती. मी दार उघडलं.

चौतीस वर्षांत मी कधी असं केलं नव्हतं. का केलं ते लिहिते. त्या झिलईचा नमुना तिने महिनाभर आधी एका टाइलवर काढून मला दाखवला होता. लाकडाची राख घालून केलेला, ओल्या पाटीचा असतो तसा रंग. मी बारा वर्षं त्या रंगामागे होते. शेवटी असा रंग होतच नसतो असं स्वतःला सांगून मी तो नाद सोडून दिला. आणि ही दोन वर्षांची शिकाऊ पोर मला म्हणते, "आत्या, बघ ना, आपोआप आला." आपोआप! मी टाइल हातात घेऊन म्हटलं, टाइलवर कोणालाही येतो, भांड्यावर येऊ दे मग बघू. म्हणजे त्या गुरुवारी मी कौतुकाने डोकावले नव्हते. बिघडला असेल या आशेने डोकावले होते.

रंग आला होता. सगळ्या कपांवर. माझ्या आयुष्यात मी भट्टीत इतकं सुंदर काही बघितलं नाही, आणि मला त्याचा राग आला. एक वीतभर उघडलेलं दार लगेच लावता आलं असतं. मी लावलं नाही. बाहेर गार वारा होता, तो माझ्या पायांवरून आत जाताना मला कळत होता. मग पहिला आवाज आला, टिंग. मग दुसरा. अकरा वेळा तो आवाज मी ऐकला. दार लावून वळले तर भट्टीवाला अंगणात उभा होता.

शुक्रवारी बारकीला म्हटलं, ये, उघड आता तुझी भट्टी. वरच्या फळीवरचे कप तिने स्वतःच्या हाताने काढले. सात-आठ तडकलेले निघाल्यावर ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. उरलेले मी काढले. मी तिला म्हटलं, माती नीट मळली नव्हतीस, घाई केलीस, तुझ्या हातांना दम नाही. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, "आत्या, सगळे?"

मी म्हटलं, "सगळे."

पंडित, शब्दाने जग झालं असं तू लिहिलंस आणि मी तुझी टिंगल केली. बोलून काही होत नाही म्हटलं. मी एक शब्द बोलले, आणि जी मुलगी सकाळपर्यंत कुंभार होती ती दुपारी कुंभार राहिली नाही. हातांनी मी फक्त कप फोडले होते.

तुझ्या पुस्तकातल्या त्या कर्त्यावरही मी पंधरवडाभर तोंड वाकडं केलं. मला देवाधर्माचं कळत नाही आणि आता या वयात कळणारही नाही. पण तुझं म्हणणं मला समजलं. तो आपण केलेल्यात उतरला आणि जे मोडलं होतं ते स्वतःच्या अंगावर घेतलं. मी माझं पाप वीस वर्षांच्या पोरीच्या अंगावर ढकललं, वर तिला शहाणपण शिकवलं. तुला चार शिव्या घालून पत्रं लिहिली, ती सगळी हे लिहावं लागू नये म्हणून. तुझं पुस्तक वाईट नाही. मुखपृष्ठ वाईट आहे.

आता तुझं काम संपलं. पुढचं बारकीसाठी आहे.

बारकी, तो तुकडा हातात घे. मळण कच्ची असली तर भांड्याला तडा जातो तो भट्टी चढताना, झिलई वितळायच्या आधी. मग झिलई वितळली की त्या तड्यात उतरते आणि त्याचे काठ गोल, गुळगुळीत करते. झिलई निवून घट्ट झाल्यावर गार वारा लागून जो तडा जातो त्याला पातं असतं. हे मी तुला अजून शिकवलेलं नव्हतं, आणि तू विचारशील या भीतीने त्या दिवशीही शिकवलं नाही. तुझा अंगठा कापला ना? गोल काठाने अंगठा कापत नाही, पोरी. तुझी माती नीट मळलेली होती. तुझ्या हातांत काहीही उणं नव्हतं. कप मी फोडले.

तू हलक्या कामाचं भांडं नाहीस. तू भांडंच नाहीस, तू करणारी आहेस. बाबांना विचार, ते एकवीस पानांत हेच सांगत असतील, फक्त त्यांना थोडक्यात सांगता येत नाही. वाचनालयात जायचं असेल तर खुशाल जा, पण मी सांगितलेल्या खोट्यावर विश्वास ठेवून जाऊ नकोस. परत आलीस तर मी तुझ्याशी आधीसारखंच तुसडेपणाने वागेन, ते माझ्याच्याने सुटणार नाही. भट्टीला मात्र तुझ्या आधी हात लावणार नाही. आणि आली नाहीस तर मला बोलायला तोंड नाही, हे मला कळतं. मला तुझी फार आठवण येते, हेही लिहून टाकते.

पत्राबरोबर एक खोकं आहे. ते तू उघड, बाबांना उघडू देऊ नकोस, त्यांच्या हातून वस्तू पडतात. आत लाकडाच्या भुशात एक कप आहे. खालच्या फळीवर, मागच्या कोपऱ्यात होता, तिथवर वारा पोचला नाही. तू पायरीवर बसून 'सगळे?' विचारलंस तेव्हा तो माझ्या ॲप्रनखाली होता. तीन आठवडे मी तो झिलईच्या डब्यांमागे लपवून ठेवला आणि रोज बाहेर काढून पाण्याने भरला, कुठे तरी पाझरेल म्हणून कोरड्या कागदावर ठेवला. पाझरला असता तर मला बरं वाटलं असतं.

कागद एकदाही ओला झाला नाही.

तुझी अपराधी,
आत्या